चिखलाचा पत्ता

आबांनी कुणालाच सांगितलं नाही
सुंगटं कुठे लागतात.
काळवलीच्या खाडीत चाळीस वर्षं पाग टाकला
आणि कुणी विचारलंच तर हात करायचे
समोर, सगळ्याच खाडीकडे.
पास्कू फर्नांडिस एकदा अंधारात मागोमाग गेला,
त्याला जुव्याभोवती तीन वेढे घालून
परत धक्क्यालाच आणून सोडला.
"खंय पोचलस?" म्हणाले. "च्या घे."

मला शिकवलं ते एवढंच :
भांगेचं पाणी आळशी, त्यात डोण काढू नये.
पुनवेआधी दोन दिवस, सुकती लागली
की कांदळाच्या मुळांवर ओल्या रेघा उरतात,
वरची रेघ वाळायच्या आत पोचायचं.
शेवटे उड्या मारतात तिथे शेवटेच असतात,
त्यांना भुलू नये.
सुंगट उडी मारून दाखवत नाही.
"जां फाटी सरता
तेका फाटसूनच गाठूचा."
पोचायचं कुठे,
हे विचारलं की वल्हं जोरात मारायचे.

शिमग्याच्या आधी आबांची उजवी बाजू गेली.
बोलणंही गेलं.
डावा हात उरलाय, तो गोधडीवर
उघडतो, मिटतो,
पागाच्या शिशाच्या गोळ्या मोजल्यासारखा.
मी वहीच्या पाठकोऱ्या पानावर खाडी काढली,
जुवा, बांध, उघाडी, तरीची वाट,
आणि पेन्सिल दिली त्यांच्या बोटांत.
त्यांनी ती नाकाशी नेली.
हुंगली.
मला वाटलं, गेलं आता हेही.

उधाणाचे तीन दिवस मी फुकट घालवले.
डोणीत चार खरबे, एक काळुंदर
आणि कुणाची तरी डाव्या पायाची चप्पल.

चौथ्या दिवशी माझी पँट बादलीत बुडवता बुडवता
आई थांबली.
माझी आई, जिला पाणी लागतं,
जुव्यावर माहेरी जाते तीही तरीत डोळे मिटून.
तिने गुडघ्याजवळचा चिखल चिमटीत धरला,
चोळला.
"ह्यो उघाडीकडचो," म्हणाली.
"हयसर खरबे गावतले. सुंगटां नाय."

मी उभाच.
ती पिळत होती आणि सांगत होती,
बाजारातून काय आणायचं ते सांगावं तशी :
"हे टोपली भरान येयत, त्या दिसा
ढोपरावर काळो चिखल, तेलकट,
कुसक्या अंड्याचो वास.
साबणान जाय नाय, राख लागा.
खिशात चिपीची फुलां चिकाटलेली.
आणि घोट्याकडे रेव.
बारीक. लाल."

काळा चिखल खाडीभर आहे.
चिपीची झाडं दोन ठिकाणी.
लाल रेव आणणारा व्हाळ मात्र एकच,
सड्यावरून चिऱ्याचा भुगा धुऊन आणतो,
चिपीच्या मुळांत शिरतो आणि दिसेनासा होतो.
तिथून मी शंभरदा गेलो असेन, नाक दाबून.

"इतकी वर्सां बोललस नाय ती?"
"गुपित तेंचा," आई म्हणाली.
"मी कित्याक फोडू?"

त्या पहाटे डोण चिपीत घुसवली,
उतरलो. कमरेला खारं पाणी,
पायांच्या बोटांमध्ये गार गोडं.
पाग टाकला, आणि दोरी
हातात आधी काहीच बोलली नाही,
मग बारीक बारीक,
कढई तापल्यावर मोहरी सुरू होते तशी.

आबांनी मला दारातच ओळखलं, वासावरून.
डावा हात गोधडीवर थांबला.
तोंड भिंतीकडे फिरवलं.
दुपारी तिखलं झालं, आंबट-लाल, त्रिफळं घालून,
खाल्लं त्यांनी,
दोनदा वाढून घेतलं,
पण माझ्याकडे बघितलं नाही.

मला आजवर वाटायचं,
विहिरीवर बायकांची गर्दी असते
म्हणून आई आबांचे कपडे मागल्या दारी धुते.

त्या रात्रीही तिने माझी पँट उचलली,
चुलीतली राख घेतली करवंटीत.
फर्नांडिसांच्या ओसरीवरचा दिवा मालवेपर्यंत
केळीच्या आडोशाला बसून राहिली.
मग नळाला हात लावला.